पोटरीवरचा बाण

इंद्रभानच्या डाव्या पोटरीवर पांढऱ्या रंगाचा एक बाण आहे. तो मी परवा पाहिला, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. न्हाणीतून बाहेर येऊन तो ओट्यावर पाय पुसत होता. बाण बोटभर लांब, टोक नीट काढलेलं, खाली आडवी रेघ आणि रेघेखाली एक आकडा. साबणानं तो गेला नव्हता. जाणारच नव्हता, कारण तो रंग दगडावर पाऊस आणि बर्फ सोसून टिकावा म्हणून बनवलेला असतो. मी पाहिलं हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्यानं पँट खाली ओढली आणि नेहमीसारखा चहा मागितला.

पुढच्या आठवड्यात तो निघणार आहे. वाशीमच्या स्टेशनावरून पूर्णेमार्गे हैदराबाद, तिथून मुंबई, मग विमान, मग जहाज, आणि जहाज जिथं थांबतं तिथं ग्रीनलंडचा पूर्व किनारा. उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ आमच्या वस्तीतलं कोणी गेलेलं नाही. तो गेल्या वर्षी एकदा जाऊन आला आहे. आता परत जायचं म्हणतो, आणि मला वाटतं की या वेळी तो परत येणार नाही.

त्याला जाऊ द्यायचं की अडवायचं एवढंच मला ठरवायचं आहे. अडवायचा मार्ग आहे, पण तो वापरला तर पोरानं इतकी वर्षं जे उभं केलं ते माझ्याच हातानं पडेल. म्हणून आधी तो कोण आहे, कसा घडला, ते सगळं सरळ लिहून पाहते. घरात बाकी सगळे झोपले आहेत.

त्याचे वडील, शेषराव, रस्त्याच्या कामावर मुकादम होते. आमचा संसार खडीच्या ढिगांच्या आजूबाजूलाच झाला. काम केनवडला असलं की झोपडी केनवडला, पुढं सरकलं की आम्ही पुढं. इंद्रभान ढिगावर खेळला, ढिगावर झोपला. मी त्या दिवसांत मॅट्रिकचा अभ्यास करत होते, पुढं नागपूरहून बी. ए. झाले आणि वाशीमला मुलींच्या शाळेत लागले. पण ते नंतरचं.

धम्मदीक्षेच्या वर्षी तो आठ वर्षांचा होता. नागपूरहून परतल्यावर घरातले देव शेषरावांनी टोपलीत भरले आणि नाल्यात सोडायला नेले. पोरगं मागं गेलं. शेषराव रिकामी टोपली घेऊन आले. इंद्रभान मात्र सदऱ्याचा ओचा भरून काळी रेती घेऊन आला. त्याच्याजवळ रेडिओ दुरुस्तीवाल्यानं फेकलेलं एक चुंबक होतं. ते रेतीत फिरवलं की त्याला काळे केस उगवत. मला दाखवून म्हणाला, "माय, हे कायचे?"

"लोखंडाचे कण आहेत. दगडातून आलेले."

"दगडात लोखंड कोनं टाकलं?"

मला माहीत नव्हतं. त्याच्या वडलांनाही नव्हतं, आणि त्यांनी तर जन्मभर दगडच फोडून घेतले होते. पोरगं त्या प्रश्नामागं लागलं ते लागलंच. वाशीमची शाळा, नागपूरचं कॉलेज, शिष्यवृत्ती, भूशास्त्राची एम. एस्सी., मग हैदराबादच्या संस्थेत डॉ. वरदन यांच्या हाताखाली संशोधन. वरदनसाहेब कडक माणूस. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी मला निरोप धाडला होता, की तुमच्या मुलाचा हात फार स्वच्छ आहे. मला तो शब्द आवडला होता.

ते काम नेमकं काय असतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. हिवाळ्यात तो शेलूबाजारच्या पलीकडच्या टेकड्यांवर दगडांचे नमुने घ्यायला आला होता. रविवार होता, मी भाकरी बांधून त्याच्यासोबत गेले. तो दगडापुढं उकिडवा बसला. एक छोटी पत्र्याची चकती त्यानं दगडावर ठेवली, चकतीच्या मधोमध उभा खिळा. खिळ्याची सावली कुठं पडते ते पाहिलं, घड्याळ पाहिलं, काहीतरी मांडलं, आणि मग ब्रशनं दगडावर पांढरा बाण काढला. बाण उत्तरेकडे. खाली आडवी रेघ, रेघेखाली नमुन्याचा आकडा. एवढं झाल्यावरच त्यानं हातोडा उचलला.

"आधी फोडून मग खूण केली तर?" मी विचारलं.

"मंग तो दगड मुका. फेकून द्या लागते. तो इथं कसा बसला होता, त्याचं तोंड कुठी होतं, हे एकडाव गेलं की गेलं, माय. उचलाच्या आंधी खूण."

तोवर तांड्यावरची माणसं जमली होती. पुढं हेमसिंग नावाचा माणूस, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर कुऱ्हाड. त्यानं बाणाला एक चक्कर मारली.

"साहेब, रस्ता इकून चालला काय?"

"नाई गा. रस्ता नाई."

"मंग तलाव?"

"तलावही नाई."

"मंग बाण कायचा हाय हा?"

"हे उत्तर दिशा हाय."

हेमसिंगनं मागच्यांकडे पाहिलं. "उत्तर! उत्तर तं आमच्या बकरीलेबी मालूम हाय, साहेब. तिच्यासाठी एवढा रंग नासवला?"

सगळे हसले. त्याच्यामागं भुरीबाई म्हणून एक बाई कडेवर नातू घेऊन उभी होती, ती मला म्हणाली, "मास्तरीनबाई, शिकून शिकून तुमचं पोट्टं उत्तर धुंडून राह्यलं काय?"

इंद्रभानही हसत होता. "मावशी, आपली नाई, या दगडाची उत्तर धुंडून राह्यलो. हा दगड आंधी रस होता, गुळाच्या पाकासारखा, जमिनीतून निंघालेला. त्याच्यात लोखंडाचे बारके कण. रस थंडा होता होता ते कण तव्हाच्या उत्तरेकडं तोंड करून बसले आन् तसेच थिजले. अजून तसेच बसले हायेत."

"बापा! मंग कुठी हाय त्याची उत्तर?"

याच थराचे आधीचे दगड त्यानं प्रयोगशाळेत मोजले होते. त्यानं हात वर केला आणि बाणाच्या बरोबर उलटीकडे दाखवलं. दक्षिणेकडे.

हसणं थांबलं. भुरीबाईनं नातवाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "तिकडं तोंड करून काय पाहून राह्यला असन तो?" ती म्हणाली. ते कोणाला विचारलं तिचं तिलाच माहीत.

इंद्रभान समजावू लागला, की पृथ्वीचं चुंबकच त्या काळी उलटं होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण माणसं पांगली. आम्ही तर दिशांचं शुभ-अशुभ केव्हाच सोडून दिलेलं. तरी लहानपणी आजी दक्षिणेकडे पाय करून झोपू देत नसे ते मला त्या भर दुपारी आठवलं.

मग तो मला टेकडीच्या माथ्यावर घेऊन गेला. तिथं गवत उगवलेलं नव्हतं. माझ्या हातात साधं होकायंत्र देऊन म्हणाला, "चाल माय. सुईकडं पाहात चाल." मी एक पाऊल टाकलं, सुई सरकली. दुसरं टाकलं, ती सावकाश वळली आणि माझ्याच पोटाकडे टोक करून थांबली. मी बाजूला झाले तर तीही माझ्यामागं आली. मी होकायंत्र त्याच्या हातात कोंबलं.

"इथं कधीतरी वीज पडली असन," तो आनंदानं म्हणाला. "विजेनं दगडाचं डोकं फिरवून टाकलं. असा नमुना काही कामाचा नाई." वीज पडलेल्या त्या जागी गुराखी बसत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मात्र तिथंच बसून भाकर खाल्ली.

पुढच्या आठवड्यात बाजारात बातमी उठली, की सरकारी रस्ता बाणाच्या दिशेनं जाणार. दोघं-तिघं एका बाणापासून दुसऱ्या बाणापर्यंत चालत गेले, कोणाचं वावर जातं ते पाहायला. इंद्रभाननं हे मला सांगितलं तेव्हा हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गेल्या वर्षी वरदनसाहेबांनी त्याचं नाव परदेशी विद्यापीठाच्या मोहिमेसाठी दिलं. ग्रीनलंडच्या त्या किनाऱ्यावर आपल्यासारखाच काळा पाषाण आहे, थरावर थर. तो मोजायला काळ्या पाषाणात मुरलेला माणूस हवा होता. शाळेत सत्कार झाला. शेषरावांनी मुकादमकीचा जुना कोट घालून हार घेतला, आणि कोणी विचारलं नसताना सांगत सुटले, की आमचा इंद्रभान बर्फातल्या गिट्टीवर मुकादम म्हणून चालला. गेला तेव्हा तो भरलेला, काळाभोर, हसरा होता.

दिवाळीच्या सुमाराला परत आला. गाल बसलेले. ते थंडीनं होतं. पण घरात येऊन त्यानं पहिली गोष्ट केली ती ही, की खाटेवर बसायच्या आधी खाटेकडे उभं राहून पाहिलं. मग खिशातून खडू काढला आणि खाटेच्या पायाजवळ फरशीवर एक बाण काढला. मी म्हटलं, "हे काय रे?" म्हणाला, "खाट हालली तं समजन."

मला वाटलं, सवय आहे, जाईल. दुसऱ्या दिवशी माठाखाली बाण होता. मग त्याच्या चपलांखाली, पाट्याखाली, सायकलच्या चाकाशी. झाडताना मी माठ हलवला, तर तो स्वयंपाकघरात येऊन माठ परत बाणाशी जुळवून ठेवू लागला. आवाज चढवला नाही. जसा एखादा माणूस झोपलेल्याचं पांघरूण सारखं करतो तसं त्यानं ते केलं. शेजारची लिलाबाई ताक मागायला आली होती. ती मला बाहेर ओढून म्हणाली, "बाई, पोराले कोन्या जानत्याले दाखवा. तिकडच्या बर्फातून काही संग आलं असन."

"आमच्यात ते चालत नाही, लिलाबाई," मी म्हटलं.

"तुमच्यात नाई चालत. पन जे संग आलं त्याले माहीत हाय का, तुमच्यात नाई चालत म्हून?"

ती हसली. मीही हसले, आणि ती गेल्यावर माठाखालचा बाण पुन्हा पाहून आले.

काय झालं ते त्यानं मला जानेवारीत सांगितलं. मी सुपात तांदूळ निवडत होते, तो समोर बसून माझ्याबरोबर खडे वेचत होता. मी काही विचारलं नव्हतं.

त्यांच्या तुकडीत येन्स नावाचा माणूस होता. खलाशी, पन्नाशीचा, रांधायला आणि ओझं उचलायला घेतलेला. दगडाच्या कामातला नव्हता. त्याचं इंग्रजी तोडकं, इंद्रभानचं त्याला कळेना. पण दोघांचं जमलं. येन्सला तिखट फार आवडायचं. मी दिलेली जवसाची चटणी त्यानंच संपवली.

तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. साधं होकायंत्र तिथं कामाचं नाही, सुई खाली जमिनीत तोंड खुपसते. सावलीच्या चकतीवरच सगळं काम. त्या दिवशी ऊन चांगलं होतं म्हणून इंद्रभाननं कड्याच्या पाठीवरून उत्तरेकडे जाणाऱ्या एका थरावर ओळीनं खुणा करून घेतल्या. एका दगडापासून पुढचा दगड दिसेल अशा. नमुने यंत्रानं कापायचे होते आणि यंत्रातलं पेट्रोल संपलं. तंबू खाली, दक्षिणेच्या अंगाला. येन्स म्हणाला, मी डबा भरून आणतो. निघताना त्यानं पहिल्या बाणावर बोट ठेवलं, इंद्रभानकडे पाहिलं आणि अंगठा वर करून काहीतरी विचारलं. इंद्रभानला वाटलं, खूण नीट जमली का असं विचारतो आहे. त्यानं मान हलवली. हो, बरोबर आहे.

"आन् मंग धुकं आलं," इंद्रभान म्हणाला. "समुद्रावरून येते ते. पांढरं. सूर्य वरच राह्यते, पन कुठी हाय ते समजत नाई. सगळीकून सारखा उजेड. माह्या हाताची सावलीबी नव्हती, माय."

इंद्रभान जागचा हलला नाही. धुक्यात हलायचं नसतं. तिथं बसून असताना त्याला येन्सचे बूट ऐकू येत होते. आधी जवळ, मग थोडे लांब, मग आणखी लांब. बरोबर चालले होते, एका दगडापाशी थांबत, मग पुढच्याकडे. मधे एकदा येन्सनं शीळ घातली, खुशीतली. मग बूट पुन्हा निघाले.

"मले वाटलं, हा खाली चालला. आवाज कुठून येते ते धुक्यात समजत नाई नं."

धुकं उठल्यावर तो तंबूपाशी उतरला. तिथं कोणी नव्हतं. सगळे मिळून शोधायला निघाले. पेट्रोलचा रिकामा डबा शेवटच्या बाणाच्या दगडावर ठेवलेला होता, नीट, उभा, जसा कोणी हात मोकळे करायला ठेवतो. त्यापुढं कडा होता आणि कड्याखाली बर्फ आणि समुद्र. येन्स सापडला नाही. तो तंबूकडे निघाला होता आणि बाण वाटेचे समजून एका बाणावरून दुसऱ्या बाणावर जात उत्तरेला चालत गेला होता.

मोहिमेच्या प्रमुखानं धुक्यात वाट चुकली असं लिहिलं. इंद्रभाननं त्याला बाणांचं सांगितलं तेव्हा त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हे डोक्यातून काढ. वरदनसाहेबांना याचा पत्ताच नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की एक खलाशी गेला.

मी सूप बाजूला ठेवलं आणि त्याचा हात धरला. "तुझी चूक नाही, बाबा."

"चूक कोनाची हाय ते मी म्हनतच नाई," तो म्हणाला. "तो गेला तव्हा त्याचं तोंड कुठी होतं, ते राह्यलं. खूण नव्हती त्याच्यावर."

त्या दिवसापासून मी खडूच्या बाणांकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. मनाशी म्हणत असे, वस्तू आहेत, राहू दे. कामावर जातो, बोलतो, जेवतो. हैदराबादला गेला, दोन महिने राहिला, वरदनसाहेबांकडून काही तक्रार नाही. मे महिन्यात सुट्टीवर आला आणि आठ दिवसांत हे घडलं.

दुपारी मी मधल्या खोलीत पडले होते. बाहेर ऊन रणरणत होतं. मनगटाला काहीतरी गार लागलं म्हणून जाग आली. डोळे उघडले तर इंद्रभान माझ्याजवळ उकिडवा. खिडकीतून उन्हाची पट्टी आत आली होती, तिच्यात फरशीवर ती पत्र्याची चकती, खिळ्याची सावली तिच्यावर. त्याच्या हातात बारका ब्रश. त्यानं श्वास रोखून धरला होता.

"हालू नको, माय," तो हळू म्हणाला. "झालंच."

मी हलले नाही. का हलले नाही ते मला सांगता येणार नाही. ब्रशचं टोक मनगटावरून सरकत गेलं, वळलं, आडवी रेघ आली, मग आकडा. त्यानं फुंकर मारून रंग वाळवला, लहान असताना माझ्या भाजलेल्या बोटावर मारायचा तशी. म्हणाला, "आता काही फिकीर नाई."

रॉकेल लावून मी ते काढलं. कातडी लाल झाली, पण काढलं. संध्याकाळी शेषरावांना सांगितलं. ते अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

"कामाची सवय हाय," ते म्हणाले. "मी झोपेत गिट्टी मोजत होतो, तूच सांगत होती."

"तुम्ही माझ्या अंगावर आकडा घालत नव्हता."

ते हसले. "सुरुंगात मानसं गेलेली पाह्यली म्या. संगचे लोक येडे होत दोन-चार महिने. हातात सब्बल देली का ठीक होत. काम थांबवलं ते मातर गेले. तो जाऊन राह्यला ते बरं हाय. आपली चूक जिथं झाली तिथं जाऊन काम पुरं करन, तं मोकळा होईन."

"आणि नाही झाला तर?"

"अवं, आपल्या वस्तीतून कोन गेलं तिथवर? त्याच्या जागेवर टपलेले किती हायेत, माहीत हाय तुले? तू वरदनसाहेबाले एक शब्द सांगशीन, का पोरगं येडं हाय, तं तो शब्द जन्माचा चिटकन. मंग हैदराबाद नाई आन् ग्रीनलंडही नाई. अथी बसून काय करन तो? माठ फिरवन?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मी तेव्हा थांबले. त्यानंतर परवा मी त्याच्या पोटरीवरचा बाण पाहिला. तोही त्यांना सांगितला. ते तंबाखू न खाताच उठले.

आज दुपारी मी ठरवून इंद्रभानजवळ जाऊन बसले. तो मागच्या अंगणात सामान भरत होता. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन उन्हात ठेवलेले, रंगाचे डबे घट्ट लावलेले. फार व्यवस्थित. त्याचा चेहरा शांत होता, इतका की मला वाटलं, शेषराव म्हणतात तेच खरं असावं.

"तिथं गेल्यावर आधी काय करशील?" मी विचारलं.

"बाण काढलेले दगड तसेच हायेत नं. ते कापाचे. नवीन यंत्र देऊन राह्यले."

"आणि ते झालं की?"

तो ब्रशचे केस बोटानं सरळ करत राहिला. "ते कापाच्या आंधी एक हाय. धुकं येईन तव्हा एकडाव चालून पाहीन. पहिल्या बाणापासून."

"कायले रे?" माझ्या तोंडून माझ्या आईची भाषा आली.

"त्याले काय दिसलं ते पाह्याचं हाय. मी आयकलं नुसतं, माय. तो शीळ मारत गेला. भेव नव्हतं त्याले. मी मान हलवली होती नं, मंग त्याले कायचं भेव? तो माह्या भरोशावर गेला. आता मी त्याच बाणाईच्या भरोशावर जातो."

"आणि शेवटच्या बाणाच्या पुढं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. लहानपणी चुंबकाचे केस दाखवताना हसायचा तसा.

"पुढं बाण नाई नं, माय."

मी म्हटलं, "पायावर खूण कायले केली?"

तो जरा लाजला. पँट पोटरीवरून नीट केली. "उचलाच्या आंधी करा लागते," म्हणाला, आणि सुतळी आणायला घरात गेला.  उन्हात वाळत ठेवलेल्या ब्रशांखाली, प्रत्येकाखाली, जमिनीवर बारीक बाण होते. सगळ्यांची टोकं एकीकडे होती.

आता उजाडायला फार वेळ नाही. सगळं लिहून झालं तरी शेषरावांचं बोलणं खोटं ठरत नाही. वरदनसाहेबांना फोन केला तर तो तिकडे जाणार नाही, कदाचित हैदराबादलाही राहणार नाही, आणि माझ्याशी बोलेल असंही नाही. त्याच्या पायाखालची सगळी वाट मी काढून घेईन. तो आमच्या घरात बसेल, माठ, पाटा, खाट जागच्या जागी ठेवत. कदाचित मला रोज मनगट पुढं करावं लागेल. मी करीन.

बाजारात बाबूलालच्या आडत दुकानात फोन आहे. अकोल्याला आणि हैदराबादला तो तूर-उडदाचे भाव विचारायला सकाळीच ट्रंककॉल लावतो. दुकान उघडायच्या आधी मी त्याच्या पायरीवर असेन. म्हणीन, भाऊ, आधी माझा लाव, हैदराबादचा, अर्जंट. तो विचारील, बाई, कोणाची तब्येत? वरदनसाहेब कडक आहेत, लांबण त्यांना आवडत नाही. मी म्हणीन, मी इंद्रभानची आई बोलते आहे, त्याला जहाजावर चढू देऊ नका. मग ते ‘का?’ म्हणून विचारतील, आणि मी येन्सपासून सुरुवात करीन.